स्वामी

रणजित देसाई (१९२८–९२) यांची मराठी ऐतिहासिक चरित्रात्मक कादंबरी. प्रथम प्रकाशन १९६२; साहित्य अकादेमी पुरस्कार १९६४. थोरले माधवराव पेशवे (१७४५–७२) हे तिचे नायक. पानिपतच्या पराभवानंतर १७६१ मध्ये पेशवेपदावर आलेल्या, पुरत्या सतरा वर्षांच्याही नसलेल्या माधवरावांनी सावरलेले राज्य, चुलते रघुनाथराव यांच्याशी त्यांचा झालेला संघर्ष आणि थेऊर येथे क्षयाने ओढवलेला अंत, हे तिचे कथासूत्र होय.

नाशिकचा परिसर हे या संघर्षाचे पुण्याखालोखाल महत्त्वाचे केंद्र. मुलाशी बेबनाव झाल्यावर गोपिकाबाई गोदाकाठच्या गंगापूरला राहिल्या. नजीकच्या आनंदवल्लीस रघुनाथरावांचा वाडा होता. आणि चांदवडजवळील धोडपच्या लढाईत (१७६८) त्यांचा पराभव होऊन ते शनिवारवाड्यात नजरकैदेत आले. या कलहाच्या मुळाशी राज्याच्या वाटणीची मागणी होती. १७६२ मध्ये निजामाने व नागपूरकर भोसल्यांनी, तर धोडपच्या वेळी गायकवाडांनी रघुनाथरावांना साहाय्य केले, ते आपापल्या हितासाठी. कादंबरीत मात्र वडीलधाऱ्यांविषयीचा आदर आणि राजकर्तव्य यांच्या कात्रीत सापडलेल्या पुतण्याचे दुःख ठळक होते व राजकारण मागे पडते. साधने जेथे विपुल आहेत, तेथेच चित्रण भावुक व्हावे, हा तिचा प्रमुख दोष होय.

याउलट रमाबाईंविषयी ऐतिहासिक साधने तुटपुंजी असल्याने तेथे कल्पनेला मोकळीक मिळाली. पति-पत्नींच्या संवादांतील संयत हळवेपणा हे या कादंबरीचे खरे यश आहे. तथापि रमाबाईंचे सहगमन प्रेमाची परिपूर्ती म्हणून रंगविले गेल्याने त्या प्रथेतील क्रौर्य झाकले जाते.

रोमन सम्राटांवरील दोन प्रसिद्ध कादंबऱ्यांशी तुलना केल्यास स्वामीची मर्यादा अधिक स्पष्ट होते. रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज यांच्या आय, क्लॉडियस (१९३४) मध्ये क्लॉडियस स्वतःच आपली व आपल्या घराण्याची कथा उपरोधाने सांगतो. मार्गरित यूर्सनार यांच्या हेड्रिअनवरील फ्रेंच कादंबरीत (१९५१) मरणोन्मुख सम्राट तरुण मार्कस ऑरीलियसला पत्र लिहून आपल्या सत्तेचा हिशेब तपासतो. थेऊरचे रुग्णशय्येवरील माधवराव अशाच वळणावर उभे आहेत. पण तृतीयपुरुषी निवेदन त्यांना इतरांच्या आदरपूर्ण दृष्टीतूनच पाहते. त्यांच्या निर्णयांची चिकित्सा ना निवेदक करतो, ना ते स्वतः.

तरीही पेशवाईतील एका कर्त्या पुरुषाला घरातला माणूस म्हणून वाचकांच्या जवळ आणण्याचे श्रेय स्वामीला द्यावे लागते. ना. सं. इनामदार यांची राऊ (१९७२), शिवाजी सावंत यांची छावा (१९७९) यांसारख्या नंतरच्या चरित्रात्मक कादंबऱ्यांना लाभलेला मोठा वाचकवर्ग घडविण्यात तिचा वाटा मोठा आहे. मात्र तिचे वाचन इतिहासाला पर्याय म्हणून न होता इतिहासाकडे नेणारी वाट म्हणून व्हावे, हेच इष्ट.