मेंढीकोट, व्हॅम्पायर आणि फुटलेला बांध

पेट झालीय, सिनॉप्सिस लिहायचाय आणि गाईड रोज एकच विचारतायत, "तुझा प्रॉब्लेम नेमका काय?" अशा अवस्थेत तुम्ही असाल तर हा लेख तुमच्यासाठी. आज पुस्तक नाही, एका खेळाची नियमपुस्तिका तपासायला घेतोय. हसू नका. नियम एकमेकांवर आदळतात तेव्हा काय करायचं, यावर इतका विचार केलेला मजकूर मी फार वाचलेला नाही.

खेळ 'व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल'. 'मॅजिक' करणाऱ्या रिचर्ड गारफिल्ड यांनी तो 1994 मध्ये 'जिहाद' या नावाने आणला, 1995 मध्ये नाव बदललं. प्रत्येक खेळाडू एक पुराणपुरुष रक्तपिपासू, हाताशी 30 गुण. डावीकडचा तुमचं भक्ष्य, उजवीकडच्याचं भक्ष्य तुम्ही. भक्ष्याचे गुण संपवलेत की एक विजयगुण आणि वर 6 गुण बक्षीस.

गुंता सुरू होतो तो अडवण्यापाशी. माझा व्हॅम्पायर तुमच्यावर चालून आला, तुमचा त्याला अडवायला उठला. माझी लपण्याची ताकद तुमच्या हेरण्याच्या ताकदीपेक्षा जास्त असेल तरच मी सुटतो. बरोबरी झाली तरी अडकलो. मग मी लपण्याचं पान टाकतो, तुम्ही हेरण्याचं, पुन्हा मी. कोण कधी थांबणार? पुस्तिकेचं उत्तर मला फार आवडतं: बोलायची पहिली संधी चाल करणाऱ्याची, तो "नाही" म्हणाला की समोरच्याची, मग इतरांची, आणि कुणीही काही खेळलं की संधी परत पहिल्याकडे. शिवाय लपण्याचं पान गरज पडल्याशिवाय टाकताच येत नाही, आधीच साठवून ठेवायची सोय नाही. म्हणजे 'कुठला नियम मोठा' हे विचारायच्या आधी ही पुस्तिका विचारते, 'आत्ता बोलायची पाळी कुणाची?' अर्धे वाद तिथेच मिटतात.

आता तक्रार. पुस्तिकेचा सोनेरी नियम सांगतो की पान आणि नियम यांत विरोध आला तर पान खरं. हे आपल्याला नवं नाही, व्याकरणात उत्सर्ग आणि अपवाद शिकतो तेच. पण दोन पानंच एकमेकांविरुद्ध उभी राहिली तर? सोनेरी नियम तिथे गप्प. 'मॅजिक'मध्ये निदान एवढं स्पष्ट आहे की एक पान 'करता येईल' म्हणालं आणि दुसरं 'करता येणार नाही', तर नकार जिंकतो. बरोबरीच्या दोन नियमांत कोण जिंकणार, हा प्रश्न पाणिनीलाही पडला होता. त्याच्या त्या सूत्रातल्या एका शब्दाचा अर्थ परंपरेने 'क्रमाने नंतरचा नियम' असा घेतला. केंब्रिजच्या ऋषी राजपोपट यांनी पीएचडीत मांडलं की अर्थ 'शब्दाच्या उजव्या बाजूला लागणारा नियम' असा आहे. डिसेंबर 2022 मध्ये त्याच्या बातम्या झाल्या, अनेक अभ्यासकांना ते पटलेलं नाही. पण बघा, एका शब्दाच्या वाचनावर अख्खा प्रबंध उभा राहतो.

या दोघांनाही न सुटणारा एक प्रकार मला पेणला गणपतीच्या जागरणात भेटला. मेंढीकोट चालला होता, कट हुकमाचा. म्हणजे सुरुवातीला हुकूम नाही. उतारीचा रंग ज्याच्याकडे नसेल तो जे पान टाकेल तो हुकूम. बदामाच्या उतारीवर एकाने इस्पिक टाकलं, इस्पिक हुकूम झाला. चार हात गेले, दोन दश्श्या फिरल्या, आणि त्याच्याच हातातून बदामाची सत्ती निघाली! रंग असताना न देणं ही चूक. पण एकदा ठरलेला हुकूम डावभर बदलत नाही हाही नियमच. चुकीतून जन्मलेला हुकूम खरा का? आमच्या मंडपात डाव रद्द झाला, पुन्हा वाटलं. रोह्याला मामाकडे हेच घडलं तेव्हा मामा म्हणाला, "हुकूम राहू दे, पण त्या हातापासूनची सगळी मेंढी समोरच्यांची."

माझा विषय पेण तालुक्यातली खारभूमी. बांध घालून खाडीचं पाणी बाहेर ठेवायचं आणि आत भात लावायचा. बांधाला खांड पडली आणि वेळेत बुजवली नाही की खारं पाणी शेतात शिरतं, आणि दोन-चार वर्षांत तिथे खारफुटी उगवते. खारभूमी योजनांसाठी 1979 चा राज्याचा कायदा आहे. दुसरीकडे उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला मनाई केली आहे, जमीन कुणाचीही असो. 2018 च्या निकालाने भोवती 50 मीटरचा पट्टाही राखला. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर शेती, जागेवर जंगल. माझा पहिला सिनॉप्सिस 'शेती विरुद्ध पर्यावरण' असा होता. समितीने तो परत पाठवला आणि सहा महिने गेले. राग आला होता, पण त्यांचं बरोबर होतं. मी दोन नियमांचं वजन करत बसलो होतो, क्रम विचारलाच नव्हता.

पत्ते खेळताना हे सुचलं असं सांगितलं तर खोटं ठरेल. सुचलं खूप नंतर, गाडीत, रोह्याहून परतताना. खारफुटीचं संरक्षण हा इथे चुकीतून जन्मलेला हुकूम आहे. आधी खांड, मग ती न बुजवणं, मग झाडं, मग झाडांना लागू झालेली मनाई. आता मी प्रत्येक गावात तारखा गोळा करतोय: खांड कधी पडली, अर्ज कधी दिला, गाव नमुना 12 मध्ये भाताची शेवटची नोंद कोणत्या वर्षी, उपग्रहचित्रात हिरवा ठिपका कधीपासून. चार तारखा, चार ठिकाणी. एखादी तारीख सापडायला कधी आठवडा जातो.

उपमा कुठे तुटते तेही सांगतो, नाहीतर व्हायवात विचारतील. पत्त्यांत चौघेही नियम मान्य करून बसलेले असतात. खारफुटीचा नियम झाला तेव्हा या शेतकऱ्याला पाळी मिळाली नव्हती. आणि खारफुटीने काही गुन्हा केलेला नाही, उरलेला बांध लाटांपासून तीच वाचवते. म्हणून 'डाव रद्द, झाडं तोडा' हे पेणच्या मंडपातलं उत्तर मला चालत नाही. मामाचं चालेल का, म्हणजे झाडं राहू देत, पण खांड पडली त्या वर्षापासूनचं नुकसान ज्याने बांध राखायचा होता त्याने भरावं? तिसरं प्रकरण सध्या इथे अडलंय, कारण काही बांध सरकारी योजनेतले आहेत आणि काही गावाने स्वतः घातलेले.