विधवेला वकील कोण?

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया परिसरातून एकामागून एक लहान मुले नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली. साधा सर्दी-खोकला, त्यावर दिलेले ‘कोल्ड्रिफ’ नावाचे पातळ औषध आणि थोड्याच दिवसांत लघवी बंद होऊन निकामी झालेली मूत्रपिंडे, अशी बहुतेकांची कहाणी होती. वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांनी आपल्या नागपुरातच अखेरचा श्वास घेतला. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के आढळले. त्याची मर्यादा ०.१ टक्का आहे. १९५६ पर्यंत छिंदवाडा आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि आजही तिकडचा अत्यवस्थ रुग्ण इकडेच येतो. म्हणून हे दुःख परराज्याचे ठरवून आपल्याला बाजूला होता येत नाही.

औषधानेच ज्यांचे घर उद्ध्वस्त केले, त्यांची बाजू न्यायासनापुढे कोण मांडणार? हा प्रश्न मनात घेऊन आम्ही दोन इंग्रजी पुस्तके वाचली. एक अमेरिकेतील एका खटल्याचे आहे, तर दुसरे आपल्या देशाविषयी आहे. ती एकत्र वाचावीत असे आम्हांस वाटते. कारण एकात वकील आहे पण सत्य हरवते आणि दुसऱ्यात सत्य आहे पण वकील सापडत नाही.

पहिल्या पुस्तकाचे, म्हणजे ‘द पॉवर टू हार्म’चे (१९९६) लेखक जॉन कॉर्नवेल हे इंग्रज कॅथलिक असून तरुणपणी सेमिनरीत शिकलेले आहेत. १४ सप्टेंबर १९८९ रोजी अमेरिकेतील लुईव्हिल शहरात जोसेफ वेसबेकर या कामगाराने आपल्याच छापखान्यात गोळीबार केला. आठ सहकारी ठार झाले, बाराजण जखमी झाले आणि शेवटी त्याने स्वतःलाही संपविले. तो दीर्घकाळ मनोरुग्ण होता व अलीकडेच ‘प्रोझॅक’ हे नैराश्यावरील औषध घेऊ लागला होता. जखमींनी व मृतांच्या कुटुंबीयांनी एली लिली या औषधकंपनीवर दावा लावला. १९९४ साली ज्यूरीने नऊ विरुद्ध तीन मतांनी कंपनीच्या बाजूने कौल दिला.

येथे खरी कथा सुरू होते. कंपनीने पूर्वी एका दुसऱ्या औषधाचे दुष्परिणाम सरकारला कळविले नव्हते. त्याविषयीचा पुरावा मांडण्याची परवानगी फिर्यादींच्या वकिलांनी आग्रहाने मिळविली होती आणि ती मिळाल्यावर त्यांनी तो मांडलाच नाही. न्यायाधीश जॉन पॉटर यांना संशय आला. निकालापूर्वीच उभय पक्षांत गुप्त तडजोड झाल्याचे त्यांच्या पाठपुराव्यातून पुढे आले. पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर, १९९७ साली, हा खटला ‘तडजोडीने मिटला’ अशी दुरुस्ती न्यायालयाच्या दप्तरी झाली. कुटुंबांना पैसा मिळाला. पण औषध खरोखर दोषी होते की नव्हते, याचा निवाडा भर न्यायालयात व्हायचा तो झालाच नाही.

कॉर्नवेल यांचे मोठे यश असे की, ते मनुष्याला रसायनांचे गाठोडे मानीत नाहीत आणि त्याच्या आजाराकडे डोळेझाकही करीत नाहीत. गोळी घेणाऱ्या माणसाची इच्छा कितपत स्वतंत्र राहते, हा प्रश्न ते प्रामाणिकपणे उघडा ठेवतात. मात्र मेंदूविज्ञानाच्या चर्चेत ते रमतात, तेव्हा छापखान्यातील विधवा व अपंग कामगार नजरेआड होतात. ही उणीव आम्हांस जाणवली.

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा औषधांमुळे मुलांत व किशोरांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, अशी ठळक सूचना वेष्टनावर घालावयास लावली. २००७ साली तीत २४ वर्षांपर्यंतचे तरुणही आले. परंतु हे वाचून कोणीही आपल्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. या औषधांनी अनेकांना तारले आहे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविना ती एकाएकी थांबविणे धोक्याचे असते.

दुसरे पुस्तक ‘द ट्रूथ पिल’ (२०२२). दिनेश ठाकूर यांनी रॅनबॅक्सी कंपनीतील गैरप्रकार उघडकीस आणले. २०१३ साली त्या कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. सहलेखक प्रशांत रेड्डी हे कायद्याचे अभ्यासक आहेत. डायएथिलीन ग्लायकॉलने आपल्या देशात पुनःपुन्हा बळी घेतले, हे या पुस्तकाचे मर्मस्थान होय. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने शासनयंत्रणेवर कठोर ताशेरे ओढले. तरीही २०२० साली जम्मूतील रामनगरला आणि २०२५ साली परासियाला तेच विष बाळांच्या चमच्यात उतरले.

लेखकद्वयाची मांडणी साधार आहे व भाषा निर्भीड आहे. परंतु त्यांची दृष्टी कायदा, परवाना व निरीक्षक यांवर खिळलेली आहे. सामान्य कुटुंबाने काय करावे, याचे उत्तर वाचकाला बरेचसे स्वतःच शोधावे लागते. ते अगदीच नाही असे नव्हे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ नुसार कोणीही नागरिक शुल्क भरून आपण विकत घेतलेले औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाने झालेल्या हानीची भरपाई मागण्याची तरतूद आहे. रामनगरच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत, असा आदेश राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने दिला होता. पण अधिकार कागदावर असणे निराळे आणि कोळसाखाणीच्या मुलुखातील बापाला तो बजावता येणे निराळे. परासियाच्या प्रकरणात कंपनीच्या मालकाला अटक झाली, परवाना रद्द झाला. केंद्रीय चौकशीची मागणी करणारी जनहित याचिका मात्र सर्वोच्च न्यायालयाने १० ऑक्टोबर २०२५ रोजी फेटाळली.

लूककृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातील विधवेचा दाखला आपण सारे जाणतो. आम्ही आजवर त्यावर प्रवचन केले ते चिकाटीच्या प्रार्थनेविषयी. ही दोन पुस्तके मिटल्यावर ध्यानात आले की, ती विधवा दान मागत नव्हती, न्याय मागत होती आणि तिच्या बाजूने बोलणारे कोणीही नव्हते. धर्मगुरू म्हणून आम्ही मृत बालकाच्या आईला किती सहजपणे ‘देवाची इच्छा’ म्हणून समजावतो! जेथे माणसाने विष विकले आणि दुसऱ्या माणसाने ते तपासले नाही, तेथे हे शब्द म्हणजे आणखी एक गुप्त तडजोडच होय. मृत्यूचे कारण दडपले जाते आणि दोष परमेश्वराच्या माथी येतो. हा अपराध आमच्याही हातून घडला आहे, हे कबूल केले पाहिजे.

आपल्या धर्मग्रामांत वकील आहेत, परिचारिका आहेत, औषधविक्रेते आहेत. औषधाची बाटली, डॉक्टरांची चिठ्ठी व दुकानाचे बिल जपून ठेवा, एवढे सांगणारे माणूस वेळेवर भेटले तरी एखाद्या कुटुंबाचा पुरावा वाचेल. हे पुस्तक मराठीत यावे, अशी आमची इच्छा आहे. तोवर ज्यांना इंग्रजी येते त्यांनी ते वाचावे आणि ज्यांना येत नाही त्यांना मिस्सानंतर सांगावे.