पुनरावृत्तीचा गुन्हा

इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताला संगीत म्हणावे की गोंगाट, हा वाद युरोप-अमेरिकेत गेली चाळीस वर्षे चालू आहे. आता तो डीजेच्या भिंतीबरोबर आमच्या वस्तीतही येऊन पोचला आहे. विरोधक म्हणतात, यात वाद्य नाही, वादक नाही, साधना नाही. बटण दाबले की ठोका सुरू होतो आणि तोच ठोका तासन्तास पडत राहतो. समर्थक म्हणतात, तरुणांना आवडते ना, मग तुमच्या परवानगीची गरज काय? दोन्ही बाजू अशा बोलतात की जणू हे संगीत आभाळातून पडले आहे. ते कोणी निर्माण केले, कोणत्या परिस्थितीत केले आणि त्याला नाके मुरडणारे कोण आहेत, हे कोणी विचारत नाही. दलित समीक्षेने गेल्या पन्नास-साठ वर्षांत दुसरे काही शिकवले नसेल, पण हा प्रश्न आधी विचारायला शिकवले आहे.

एका प्रसंगापासून सुरुवात करतो. 1995 मध्ये कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन या थोर जर्मन संगीतकाराला तेव्हाच्या काही तरुण संगीतकारांचे काम ऐकवण्यात आले आणि त्याचा अभिप्राय ‘द वायर’ या ब्रिटिश मासिकाने छापला. स्टॉकहाउझेन हा स्वतः इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक जनक. कोलोन नभोवाणीच्या स्टुडिओत 1956 साली त्याने यंत्रध्वनी आणि मुलाचा आवाज यांतून जी रचना केली ती आजही अभ्यासक्रमात असते. तेव्हा यंत्राबद्दल त्याची तक्रार असण्याचे कारणच नव्हते. त्याची तक्रार होती पुनरावृत्तीची. आणि त्या पुनरावृत्तीला त्याने विशेषण लावले ‘आफ्रिकोत्तर’. माझी रचना ऐकली की हे तरुण असल्या पुनरावृत्त्या सोडून देतील, असा त्याचा सल्ला होता. गंमत अशी की ज्यांचे काम त्याला ऐकवले ते चौघेही गोरे होते. काळ्या माणसाचे नाव त्या यादीत नव्हते, तरी न्यायाधीशाने नेमका आफ्रिकेचा वास ओळखला. त्यांतल्या एकाने, एफेक्स ट्विनने, उलट उत्तर दिले की याने माझे ऐकावे, म्हणजे ज्यावर नाचता येत नाही असल्या रचना तो बंद करील. उत्तर खटकेबाज आहे. पण ‘आफ्रिकोत्तर’ या शब्दाला त्याने हात लावला नाही. तो शब्द त्याचा नव्हता. ज्यांचा होता त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

ते कोण होते? 1977 साली शिकागोत ‘वेअरहाउस’ नावाचा क्लब सुरू झाला. न्यूयॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स हा काळा तरुण तिथे तबकड्या वाजवी. येणारे बहुतेक काळे आणि लॅटिन, त्यांतही बरेच समलिंगी; म्हणजे गोऱ्या शहराने बाहेर ठेवलेले आणि स्वतःच्या समाजाने व चर्चनेही उंबऱ्याबाहेर काढलेले. बहिष्कृतांतले बहिष्कृत. पतित ठरवलेल्यांचे हे चर्च आहे, अशा अर्थाचे नकल्स स्वतः बोलत. त्या वेअरहाउसच्या नावातूनच या संगीताला ‘हाउस’ हे नाव पडले.

त्याच शहरात 12 जुलै 1979 रोजी बेसबॉलच्या मैदानात दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून देण्यात आला. तबकडी घेऊन येणाराला 98 सेंटांत प्रवेश होता. प्रचंड गर्दी मैदानात घुसली आणि पुढचा सामना रद्द झाला. योजणारा रेडिओ-निवेदक म्हणत आला की यात वर्णद्वेष नव्हता, एका फॅशनची ती थट्टा होती. असेल. पण त्या दिवशी मैदानात जागा दाखवण्याचे काम करणाऱ्या व्हिन्स लॉरेन्स या काळ्या मुलाच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नाही: लोक जाळायला आणत होते त्यांत डिस्को नसलेल्या, पण काळ्या गायकांच्या तबकड्याही पुष्कळ होत्या. पाच वर्षांनी, 1984 मध्ये, ‘ऑन अँड ऑन’ ही जेसी सॉन्डर्सची तबकडी निघाली. तिला हाउसची पहिली तबकडी मानतात. तिच्या निर्मितीत हाच व्हिन्स लॉरेन्स होता.

हे संगीत झाले कशावर? रोलँड या जपानी कंपनीने 1980 च्या सुमारास दोन यंत्रे काढली, एक ताल देणारे आणि एक खर्जाची साथ करणारे. एकट्या गिटारवाल्याला घरी सरावासाठी साथ मिळावी, हा दुसऱ्याचा हेतू. त्याचा आवाज खऱ्या गिटारसारखा येईना. धंदा बुडाला, 1984 पर्यंत उत्पादन थांबले आणि यंत्रे जुन्या बाजारात कवडीमोलाने विकली जाऊ लागली. शिकागोतल्या ‘फ्यूचर’ या तिघांच्या गटाने तेच बुडीत यंत्र घेतले आणि त्याची बटणे वाजता वाजता अशी पिरगळली की खर्ज कधी कण्हू लागला, कधी किंचाळू लागला. 1987 ची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ती हीच. दुसऱ्याने टाकून दिलेल्या वस्तूतून, तिच्या कारखानदाराला सुचला नव्हता असा आवाज काढणे याला साधना म्हणायचे नसेल तर साधना कशाला म्हणायचे? साधना नाही या आक्षेपाचा खरा अर्थ गुरू नाही, घराणे नाही, गंडा नाही असा असतो. ज्यांना गंडा बांधायला कोणी हात पुढे केला नाही त्यांना हे यंत्र गहाणवटीच्या दुकानात मिळाले, आणि यंत्राने त्यांची जात विचारली नाही.

तीच यंत्रे मुंबईतही आली होती. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजितसिंग यांनी 1982 मध्ये त्यांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून तबकडी काढली. ती तेव्हा कोणी ऐकली नाही. 2010 मध्ये पुन्हा प्रकाशित झाल्यावर गोऱ्या जाणकारांना त्यात शिकागोच्या पाच वर्षे आधीचे शिकागो दिसले. आपल्याकडेही छात्या फुगल्या. मला हा दावा पटत नाही. आवाज तोच आहे, यंत्र तेच आहे. पण त्या तबकडीवर रात्रभर नाचायला कोणी वेअरहाउस जमले नव्हते. हाउस म्हणजे नुसता आवाज नव्हे. तो आवाज ज्यांना एकत्र जागा देतो ती माणसे त्यातून वजा करता येत नाहीत.

डेट्रॉइटची कथा वेगळी आहे आणि आपल्या लेखकांनी ती मुद्दाम वाचावी. मोटारींच्या कारखान्यांनी तिथे दक्षिणेतून काळे मजूर आले. 1967 च्या उठावात 43 माणसे मेली, गोरे उपनगरांत पळाले, पुढे कारखानेही ओस पडू लागले. त्या शहराच्या बाहेर बेलव्हिलच्या शाळेत ह्वान ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हे तिघे काळे मित्र भेटले. त्यांनी ज्याला ‘टेक्नो’ म्हणतात ते घडवले. ही मुले कंगाल नव्हती. कारखान्याच्या पगारावर मागच्या पिढीने जो पाय रोवला त्या पायावर उभी राहिलेली होती. म्हणजे जवळजवळ आपल्यासारखीच. ती ऐकत होती क्राफ्टवेर्क हा जर्मन गट आणि विचार करत होती अवकाशयानांचा, यंत्रमानवांचा, भविष्याचा. तेव्हा आक्षेप आला: यात काळेपण कुठे आहे? ब्लूजची वेदना कुठे आहे?

हा आक्षेप ओळखीचा वाटत नाही काय? दलित लेखकाने भाकरी, चाबूक आणि वस्ती यांवरच लिहावे, त्याने ताऱ्यांवर लिहिले की तो ‘आपल्या अनुभवापासून तुटला’, असे सांगणारे प्रस्थापित टीकाकार आम्ही पाहिले. दुःख हे की आमच्यातलेही पाहिले. काळ्याने रडावे, दलिताने ओरडावे आणि भविष्य मात्र दुसऱ्याने रंगवावे, ही वाटणी ॲटकिन्सने मान्य केली नाही. डेरिक मेच्या 1987 च्या ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’मध्ये शब्द असा नाहीच. पियानोचा एक तुटक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, खालून ठोका बराच वेळ रोखून धरलेला असतो, आणि तो शिरतो तेव्हा पियानो तोच असून त्याचा अर्थ पालटतो. मी ती प्रथम ऐकली तेव्हा खुर्चीत बसून ऐकली आणि मला कळली नाही. उभा राहून ऐकली तेव्हा कळली. पुनरावृत्ती म्हणजे तीच गोष्ट पुन्हा सांगणे नव्हे, ऐकणाराचे शरीर मधल्या वेळात बदललेले असते. तबल्याचा ठेका तासभर फिरतो, भजनात एकच ओळ शंभरदा येते, तेव्हा कोणी पुनरावृत्तीची तक्रार करत नाही. ब्रिटनने मात्र 1994 च्या कायद्यात, उघड्या जागेवरचे रात्रीचे मेळावे मोडण्यासाठी, सलग पुनरावृत्त ठोक्यांचे संगीत अशी व्याख्याच घालून टाकली. ताल हा फौजदारी कायद्याचा विषय झाला.

डावीकडूनही एक आक्षेप आहे आणि तो अधिक गंभीर आहे. अडोर्नोने 1941 मध्येच लोकप्रिय संगीताबद्दल लिहिले होते की त्याचा ठराविक ताल माणसाला आज्ञाधारक करतो. आजचे जे ‘ईडीएम’ या नावाने विकले जाते त्यातले बरेचसे ऐकताना मला अडोर्नोचे म्हणणे खोडता येत नाही. ठोका वाढत जाणार, थांबणार, मग ठरल्या क्षणी कोसळणार आणि हजारो हात ठरल्या क्षणी वर जाणार. डेट्रॉइटमध्ये जे रोखून धरणे होते त्याचे इथे वेळापत्रक झाले आहे. पैसाही तसाच. 2013 मध्ये ‘फोर्ब्स’ने कॅल्विन हॅरिस या स्कॉटिश डीजेची एका वर्षाची कमाई 4 कोटी 60 लाख डॉलर मांडली, त्या यादीत शिकागो-डेट्रॉइटचे जनक शोधून सापडत नाहीत. तेव्हा जन्म बहिष्कृतांत झाला म्हणून प्रत्येक तुकडा थोर, असे मी म्हणणार नाही. आमच्या साहित्यातही तसे म्हणून आम्ही स्वतःचे नुकसान करून घेतले आहे.

प्रतिष्ठा मिळाली ती बर्लिनला. 2016 मध्ये तिथल्या करन्यायालयाने बर्गहाइन या क्लबचे काम उच्च संस्कृतीत मोडते असे मानले आणि कर 19 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आला. 2024 मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नोला आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत घातले. डेट्रॉइटच्या लोकांना काय वाटले असेल, हे ‘गोलपिठा’ला प्रस्तावना तेंडुलकरांची होती हे आठवले की समजते. प्रस्तावना चांगली होती, हा मुद्दा निराळा.

आता आमच्या जयंतीबद्दल. डीजेवर आमच्यातल्या जाणत्यांचा मुख्य राग आवाजाचा नाही, शब्दांचा आहे. जलसा आणि शाहिरी यांनी चळवळ शब्दांवर उभी केली. वामनदादांचे गाणे म्हणजे न शिकलेल्या माणसाचे वाचनालय होते. त्या गाण्याचा एक तुकडा कापून खर्जाखाली दाबला की उरतो फक्त जयघोष. हा राग खरा आहे. बहुतेक भीमगीत-मिक्समध्ये शब्दाचे हेच होते, आणि ती मला वाईट वाटतात ती यंत्रामुळे नव्हे, करणाराने गाणे पुरते ऐकलेले नसते म्हणून. आवाजाचे म्हणाल तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नको हा 2000 सालचा नियम योग्यच आहे. तो सर्व मिरवणुकांना सारखा लावावा, एवढेच म्हणणे.

माझ्या एका विद्यार्थ्याने यंदा मोबाइलवर एक मिक्स केले. कडवे पूर्ण ठेवले, शब्द स्वच्छ ठेवले, आणि यंत्राच्या ठोक्याऐवजी डफड्याचा ठोका ध्वनिमुद्रित करून तो फिरवत ठेवला. मला ते फार आवडले. त्याने ते आपल्या आजोबांना ऐकवले. आजोबांनी लहानपणी, धर्मांतरानंतरच्या वर्षी, आपल्या बापाला घरातले डफडे विहिरीत टाकताना पाहिले होते. गावच्या वरातीपुढे ते वाजवण्याचे काम त्या दिवशी संपले. त्यांनी गाणे शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, “शब्द समदे ऐकू येत्यात. पर हे पुन्हा कशापायी घरात आणलंस?”

मुलगा मला विचारायला आला. डफडे काढून तिथे रोलँडचा ठोका घालावा का, असा त्याचा प्रश्न होता. दोन्ही त्याने करून ठेवली आहेत. मिरवणुकीत कोणते वाजवायचे, ते मंडळाच्या बैठकीत ठरायचे आहे, आणि आजोबा त्या बैठकीला येणार आहेत.