रिकामे आसन आणि साडीतील मरिया

वैनगंगेच्या काठी वसलेले पवनी हे आपल्या भंडारा जिल्ह्यातील प्राचीन नगर. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व विभाग यांनी मिळून उत्खनन केले, तेव्हा एक मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. पवनीच्या शिल्पांतील एक शिल्प आमच्या मनातून जात नाही. त्यात एक आसन आहे. त्यावर फणा उभारून मुचलिंद नाग उभा आहे आणि त्याचे नावही ब्राह्मी अक्षरांत कोरलेले आहे. भर वादळात ध्यानस्थ बुद्धावर या नागराजाने छाया धरली, अशी कथा आहे. शिल्पात मात्र बुद्ध कोठेच नाही. आसन रिकामे आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने छाया कोरली आणि देह पाहणाऱ्याच्या मनावर सोपविला.

आपली वाट निराळी आहे. शब्द देही झाला, ही आपली श्रद्धा. म्हणूनच इ. स. ७८७ च्या निकाया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने पवित्र प्रतिमांना मान्यता दिली. पण देह रंगवायचा म्हटले की दुसरा प्रश्न उभा राहतो : देह कोणासारखा? आपल्या घरांतील भिंतीवरची मरियामाता गोरीपान आणि निळ्या झग्यातली असते. तेच तिचे खरे रूप, असे आपण धरून चालतो. वास्तविक तीही एक शैलीच आहे. युरोपच्या चित्रकारांनी आपल्याच आयाबहिणींकडे पाहून ती घडविली. नासरेथच्या त्या यहुदी मुलीला त्यांनीही पाहिले नव्हते.

या प्रश्नाला गोव्याच्या मातीतील चार चित्रकारांनी चार उत्तरे दिली. ती शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, असे आम्हांस वाटते.

पहिले आंतोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०-१९३५). मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले आणि तेथेच त्यांनी शिकविले. डोळ्यांना जसे दिसते तसे रंगवावे, ही पाश्चात्त्य वास्तववादाची शिस्त त्यांनी पूर्ण आत्मसात केली होती. पत्नी फ्लोरा यांना समोर ठेवून रंगविलेल्या ‘दोल्चे फार निएन्ते’ या चित्राला १९२० मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. या शैलीत व्यक्ती नेमकी सापडते. तिचा विसावा आणि तिच्या अंगावरचा उजेड आपल्याला जाणवतो. मात्र डोळ्यांना जे दिसत नाही, त्यापाशी ही शैली थबकते.

दुसरे आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७), सांतु इस्तेव्ह बेटावरचे. वैद्यकाचा अभ्यास सोडून ते कलेकडे वळले, जे. जे. मध्येही त्यांचे मन रमले नाही. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्यापाशी त्यांना आपली वाट गवसली. त्यांची मरिया सावळी आहे, साडी नेसते आणि अनवाणी चालते. गोव्यात या चित्रांना विरोध झाला. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांनी आयुष्याचा मोठा काळ कलासाधनेत घालविला. त्यांच्या जलरंगांत सावल्या गडद होत नाहीत आणि रेषा कोणावर ओरडत नाही. पाहणारा आपोआप हलक्या आवाजात बोलू लागतो. तरीही एक उणीव नोंदविली पाहिजे. ही शांतता पुष्कळदा सर्वच चेहऱ्यांवर सारखी पसरते, आणि क्रुसाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या आईचा आक्रोश तिच्यात विरून जातो.

तिसऱ्या आंजेला त्रिंदाद (१९०९-१९८०), आंतोनियो यांच्या कन्या. वडिलांची वास्तववादी शिस्त हाती असूनही त्यांनी ख्रिस्ती विषय भारतीय चित्रपरंपरेच्या वळणाने रंगविले. पुढे तर त्या त्रिकोणांच्या रचनांकडे वळल्या आणि त्या रीतीला ‘त्रिंदादिझम’ हे नाव मिळाले. एकाच व्यक्तीने एवढी वळणे घ्यावीत, याला कोणी चंचलपणा म्हणेल. आम्हांस ते प्रामाणिकपणाचे वाटते. एका शैलीत जे सांगता येत नाही, ते सांगण्यासाठी त्यांनी दुसरी शैली शोधली.

चौथे फ्रान्सिस न्यूटन सोझा (१९२४-२००२), साळगावचे. लहानपणी ते देवीच्या रोगातून वाचले. आईने संत फ्रान्सिस झेवियरला नवस केला होता, म्हणून ‘फ्रान्सिस’ हे नाव. त्यांचे १९५९ मधील ‘क्रुसिफिक्शन’ लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यातील ख्रिस्त काळ्या, काटेरी रेषांनी जणू ओरबाडून काढलेला आहे. त्याच्यापुढे मेणबत्ती लावावी असे वाटत नाही. मान खाली घालावीशी वाटते. काहींना ही विटंबना वाटेल. पण क्रूस हे मृत्युदंडाचे साधन होते, हे सोन्याच्या क्रुसांकडे पाहता पाहता आपण विसरलो होतो. सोझांनी त्याची आठवण करून दिली. त्यांच्या चित्रात पुनरुत्थानाची चाहूल लागत नाही, हे मात्र खरे.

मग यांतील खरा ख्रिस्त कोणता, खरी मरिया कोणती? आमच्या मते प्रश्नच असा विचारू नये. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात सांगितले, की ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली खास आपली मानलेली नाही. शैली हा विषयावर चढविलेला अलंकार नव्हे. चित्रकार कोठे उभा राहून पाहतो, ते शैली सांगते. त्रिंदाद दिवाणखान्यात उभे आहेत, फोन्सेका आश्रमाच्या अंगणात, आंजेला दोन परंपरांच्या उंबरठ्यावर आणि सोझा थेट क्रुसाखाली. म्हणून चित्राची पारख करताना ‘ओळखीचे दिसते का’ एवढेच पाहून भागत नाही. या जागेवरून चित्रकाराला असे काय दिसले, जे आपल्याला दिसले नव्हते, हे विचारावे.

हा प्रश्न केवळ चित्रकारांचा नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपले मूल मरियेचे चित्र काढते, तेव्हा चेहऱ्यासाठी गुलाबी खडू उचलते. तपकिरी खडूने तो रंगविला तर चूक होईल, असे त्याला कोणीही सांगितलेले नसते. तरी ते त्याला ठाऊक असते. आपल्या आईचा रंग पवित्र चित्रात शोभत नाही, हा धडा भिंतीवरच्या चित्रांनी त्याला न बोलता दिलेला असतो. आम्हांस खंत वाटते ती याची.

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. आषाढ-श्रावणात रोवणीसाठी बांध्यांत वाकलेल्या, गुडघ्यापर्यंत चिखलात उभ्या असलेल्या बाया आपण दरवर्षी पाहतो. इथल्या विणकरांचा कोसा दूरवर नावाजला जातो. मरियेने त्या कोशाचे लुगडे नेसावे, तिच्या पायांना बांधीचा चिखल लागलेला असावा, असे चित्र आपल्यातील कोणी काढील का? पवनीच्या कारागिराने आसन रिकामे ठेवले, ते त्याच्या श्रद्धेला धरून होते. आपली श्रद्धा सांगते, की तो आपल्यात येऊन राहिला. आपल्यात म्हटल्यावर आपले चेहरे त्या चित्रात आले पाहिजेत.