रशियाचा अभ्यास, पण नागपुरातून

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला पदवीच्या चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प निवडता येतो. कलाशाखेसाठी ही मोठी संधी आहे. रशियन साहित्य-संस्कृतीच्या बाबतीत मात्र ती वाया जाईल अशी भीती वाटते. रशियाकडे वळणाऱ्या विदर्भातल्या विद्यार्थ्याला पहिला विषय सुचतो तो टॉलस्टॉय आणि गांधी. सेवाग्राम हाकेच्या अंतरावर आणि १९०९-१० चा दोघांचा पत्रव्यवहार छापील. मग चरित्र, कथानकांचा सारांश, अहिंसेवर चार पाने, की झाली प्रबंधिका! यातून नवे काही निघत नाही, कारण प्रश्नच नवा नसतो.

नवे प्रश्न नागपुरातच पडून आहेत. शरच्चंद्र मुक्तिबोध इथले कवी, कादंबरीकार, प्राध्यापक. मार्क्सवाद पचवून त्यांनी साहित्यमूल्याचा विचार मांडला. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हिंदीत लिहिणारे त्यांचे थोरले बंधू गजानन माधव याच शहरात ‘नया खून’ साप्ताहिकात काम करत होते. सोव्हिएत साहित्यविचार या भावांपर्यंत कोणत्या भाषेतून, कोणत्या पुस्तकांतून आला? त्यातले त्यांनी काय घेतले आणि काय ठामपणे नाकारले? मॉस्कोत छापलेली स्वस्त मराठी पुस्तके १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळेपर्यंत महाराष्ट्रभर वाचली जात होती. वाचनालयांच्या जुन्या देवघेव नोंदवह्या तपासून ती इथे कुणी वाचली हे शोधता येईल. ‘स्तालिनग्राडचा पवाडा’ रचणारे अण्णा भाऊ साठे १९६१ साली प्रत्यक्ष रशियात गेले. पवाड्यातला ऐकीव रशिया आणि ‘माझा रशियाचा प्रवास’मधला पाहिलेला रशिया यांची तुलना हा एका वर्षात नीट पेलणारा विषय आहे.

रशियन न येता रशियावर संशोधन कसले, हा आक्षेप रास्त आहे. दोस्तोयेव्हस्कीच्या शैलीबद्दल इंग्रजी भाषांतरावरून निष्कर्ष काढणाऱ्याला तो लागूच पडतो. तसले प्रकल्प मार्गदर्शकांनी थांबवावेत. पण मराठी वाचकाने रशिया कसा वाचला, या प्रश्नाची मूळ साधने मराठी-हिंदीत आहेत, आणि तिथे नागपूरचा विद्यार्थी मॉस्कोच्या प्राध्यापकापेक्षा एक पाऊल पुढे असतो. हा रशियाचा नव्हे, मराठीचाच अभ्यास झाला, असेही कुणी म्हणेल. परदेशी साहित्य दुसऱ्या भाषेत कसे रुजते, हा त्या साहित्याच्या इतिहासाचाच भाग आहे. शिवाय उलट बाजूही पाहावी: त. ये. कातेनिना यांनी मराठीच्या व्याकरणावर रशियनमध्ये पुस्तक लिहिले ते १९६३ मध्ये. त्यांनी आपली भाषा शिकून घेतली होती. आपल्या विद्यार्थ्यांनीही निदान लिपी आणि प्राथमिक रशियन शिकावे, आणि महाविद्यालयांनी त्यासाठी तिसऱ्या वर्षीच वेळ काढून द्यावा.