‘मत वाया घालवू नका’ : एका युक्तिवादाची झडती

निवडणूक लागली की कर्जत स्टेशनाबाहेर काय किंवा खोपोलीच्या नाक्यावर काय, एक वाक्य हमखास कानावर येतं. “तो काय निवडून येणार नाही, मत कशाला फुकट घालवता?” दगडापेक्षा वीट मऊ, हा त्यामागचा हिशेब. आज तोच हिशेब जरा तपासू.

त्याची बळकट बाजू आधी घेतो. २०१९ ची लोकसभा, नांदेड. अशोक चव्हाण सुमारे ४० हजारांनी पडले. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १ लाख ६६ हजार मतं. ‘वंचितमुळे भाजप आला’ असं कुणी म्हटलं, तर ते सहज खोडता येत नाही. पण त्याच वेळी आपल्या मावळात, ज्यात कर्जत-खालापूर येतं, श्रीरंग बारणे २ लाखांहून जास्त मतांनी आले. वंचितची मतं पाऊण लाखाच्या आसपास. ती सगळीच्या सगळी पार्थ पवारांच्या पारड्यात टाका, निकाल हलत नाही. तरी ‘बी टीम’चा शिक्का इथल्या मतदारालाही चुकला नाही. म्हणजे सांगताना हे गणित असतं, वापरताना मात्र दटावणी होते.

शिवाय ‘मतं फोडली’ म्हणजे काय हो? ती मुळात कुणाच्या खिशातली होती? आणि ज्या चव्हाणांसाठी वंचितच्या मतदाराला बोल लावला, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वतःच भाजपमध्ये गेले. (हशा)

तत्त्वासाठी मत देणाऱ्यांनीही फार हसू नये. २०१४ ला इथे शेकापचे महेंद्र थोरवे राष्ट्रवादीच्या सुरेश लाडांकडून थोडक्यात हरले. २०१९ ला तेच थोरवे शिवसेनेकडून आमदार झाले, २०२२ ला शिंदेंबरोबर गेले. लाल बावटा म्हणून ज्यांनी मत दिलं, त्यांनी आता कुणाला विचारायचं?

फरक किती, हे निकालानंतरच कळतं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण मागचा निकाल तर हाताशी असतो! चुरस असेल तिथे वीट निवडा, माझी हरकत नाही. चुरस नसताना कशाला?

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. १९ जुलै २०२३ ची रात्र. खालापुरातली इर्शाळवाडी, ठाकरांची वाडी. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता. दरड मतांमुळे कोसळली असं म्हणण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण बचावपथकं पावसात पायी चढून गेली, कारण वाडीला रस्ताच नव्हता. इतकी वर्षं मतं मागणारे होतेच ना? ज्याचं मत आपलंच धरून चालतात, त्याच्यासाठी डोंगर कोण चढतो? ‘तुझं मत आम्हालाच पडणार, दुसरीकडे टाकलंस तर वाया’ हे वाडीवस्तीवरच्या माणसाला सांगणं म्हणजे त्याच्या हातातली एकमेव मागणीही काढून घेणं. विटेला मत द्यायचंच असेल तर आधी रस्ता लिहून घ्या. नाहीतर मत दुसरीकडे जाईल, ही भीती तरी त्यांना राहू दे.

थांबतो. प्रश्नांना दहा मिनिटं आहेत, मागच्या बाकावरच्या ताई मघापासून हात वर करून बसल्यात. बोला ताई.