सूची : ग्रंथाचें उपेक्षित अंग

मराठी ग्रंथांच्या परीक्षणांत विषय, भाषा, छपाई, बांधणी, किंमत या सर्वांची चर्चा होते; परंतु ग्रंथाच्या अखेरीस सूची आहे कीं नाहीं, व असल्यास ती कशी आहे, याची विचारपूस क्वचितच केली जाते. आरंभीं अनुक्रमणिका जोडली म्हणजे काम भागलें, असा समज यामागें दिसतो. वस्तुतः अनुक्रमणिका लेखकानें योजलेला क्रम सांगते. सूची वाचकाला त्याच्या प्रश्नाच्या जागीं नेऊन पोंचविते.

हा विचार आपणांस परका नाहीं. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणींत ऋग्वेदाच्या प्रत्येक सूक्ताचे आरंभींचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषि, देवता व छंद यांची नोंद आहे. कर्नल जेकब यांनीं रचलेला मुख्य उपनिषदें व भगवद्गीता यांचा वाक्यकोश १८९१ सालीं मुंबईस प्रसिद्ध झाला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ सालीं पुरी केली, आणि पुढें १९६७ ते १९७२ या काळांत तिची प्रतीकसूची सहा खंडांत काढली. संस्कृत ग्रंथांविषयीं एवढी दक्षता बाळगणाऱ्या महाराष्ट्रांत मराठी चरित्रें व इतिहासग्रंथ बहुधा सूचीवांचून निघावे, हें नवल होय.

जेथें सूची असते तेथेंही पुष्कळदां ती शब्दांची मोजदाद असते. शिवाजी महाराजांच्या नांवापुढें चाळीस पृष्ठांक ओळीनें लावले, तर वाचकानें चाळीस पानें उलटावीं काय? तेथें ‘आग्र्याहून सुटका’, ‘राज्याभिषेक’ असे पोटभेद हवेत. ‘ज्ञानदेव’ शोधणारास ‘ज्ञानेश्वर पाहा’ असें सांगितलें पाहिजे. ‘ज्ञ’ हें अक्षर ‘ज’मध्यें घालावें कीं वर्णमालेच्या शेवटीं, व्यक्ति आडनांवाखालीं द्यावी कीं नांवाखालीं, याचा निर्णय एकदां करून तो अखेरपर्यंत पाळला पाहिजे.

खरी कसोटी याहून पुढें आहे. एखाद्या पानावर धान्याचे भाव, ओस पडलेलीं गांवें व मेलेलीं गुरें यांचें वर्णन असतें, पण ‘दुष्काळ’ हा शब्द नसतो. सूचीकारानें तें पान ‘दुष्काळ’ या शब्दाखालीं नोंदविलेंच पाहिजे. हल्लीं संगणकावर शब्द क्षणांत सांपडतो, म्हणून सूची निरुपयोगी झाली असें कित्येक म्हणतात. परंतु पानावर नसलेला शब्द नुसत्या शब्दशोधानें कसा सांपडावा? त्यासाठीं ग्रंथ समजून वाचणारा माणूस लागतो, आणि त्याच्या श्रमाचा मोबदलाही द्यावा लागतो.

प्रकाशक कागदाच्या खर्चाची सबब सांगतील. पण अनेक वर्षें खपून जमविलेली माहिती दहा पानांच्या बचतीसाठीं पुन्हा अंधारांत लोटणें ही काटकसर नव्हे. परीक्षकांनीं यापुढें सूचीच्या अभावाला उघडपणें दोष द्यावा, आणि वाचकांनीं ग्रंथ विकत घेतांना अखेरचीं पानें आधीं उघडून पाहावीं.